बारा थर्मामीटर, एकच आकडा

तुमच्या घरातला थर्मामीटर खरं बोलतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

दुकानदाराने? डबीवरच्या छापाने? की काल जो आकडा दाखवला तोच आज दाखवला, म्हणून तुम्हीच ठरवून टाकलंत?

मी तसंच ठरवलं होतं. एकटीसाठी नाही, बारा घरांसाठी. त्यातलं एक घर माझं. तिथे मी चार महिने तापाने जळत होते आणि वहीत लिहीत होते की ताप नाही. उरलेल्या अकरा घरांतून आठ थर्मामीटर आम्ही परत मिळवले. तीन अजून वर्धा जिल्ह्यात कुठेतरी आहेत, आणि कोणीतरी ते आजही पोराच्या काखेत लावत असेल. हे लिहिते आहे ते त्या तीन घरांसाठी. माझा आजार त्यात येतो, कारण त्या आजाराशिवाय मला काही कळलंच नसतं.

पत्रक

मी हिंगणघाटची. वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा बाजार समितीच्या आवारात मापारी. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन पाहायचं आणि मोठ्याने बोलायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी ते संघटनेत होते. आमच्या घरात पुस्तकांऐवजी गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे असत. गिरणीचा संप, पाण्याचा मोर्चा, हुंड्याविरुद्धची सभा. बालभारती हातात येण्याआधी 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला वाचता येत होता.

कॉलेजात गेल्यावर आम्ही सहा-सात जणांनी मंडळ काढलं. पहिलं पत्रक अंगाऱ्या-धुपाऱ्यांविरुद्ध होतं. दुसरं तापावर, आणि ते मी लिहिलं: 'हाताने ताप कळत नाही. मोजा. तीनदा मोजा. शंभराच्या वर असेल तर एक दिवसही थांबू नका.' किती ठाम वाक्यं! तेव्हा मला ठाम वाक्यांचा फार अभिमान होता.

नुसतं सांगून भागणार नाही, म्हणून नागपूरहून डझनाचा एक डबा आणला. वाटण्याआधी सगळे थर्मामीटर मी तपासले. मी बी.एस्सी.ला होते, तीन निरीक्षणं घेतल्याशिवाय प्रयोगवहीवर सही मिळत नाही हे शिकले होते. पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि बाराही त्यात धरले. बाराही एकाच रेघेवर. झटकले, पुन्हा घातले. पाणी थोडं निवलं होतं, तर बाराही सारखेच खाली. मंडळातला मधू म्हणाला, "बाप्पा! परेड करून राह्यले का काय हे?" आम्ही टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक थर्मामीटरभोवती मी चिठ्ठी गुंडाळली. 'तपासून घेतलेला आहे. उन्हाळ्यात माठाजवळ ठेवावा.' खाली माझी सही. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला माठाचं कारण सांगायला नको. घरात उघडा ठेवला तर पारा आपणहूनच शेवटच्या रेघेला टेकतो.

एवढा विचार केला होता. फक्त एक गोष्ट सुचली नाही. डबा मी त्याच डब्याशी ताडून पाहिला होता.

वही

दसऱ्यानंतर सुरू झालं. चार-साडेचार वाजले की डोळे जळायचे. अंगावरून बारीक काटा जायचा. खोल श्वास घेतला की डाव्या कुशीत सुई टोचायची. प्रॅक्टिकलला उभी असताना टेबल धरावं लागायचं.

आई कपाळाला हात लावायची. "अव वंदे, भट्टी झाली तुही. ताप हाय तुले."

"हात म्हणजे काय थर्मामीटर हाय का तुहा?" मी म्हणायचे आणि थर्मामीटर लावायचे. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. झटकून पुन्हा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तिसऱ्यांदा तेच.

"पाह्य," मी आईला म्हणायचे. "नाई ताप."

ती हात मागे घ्यायची. मुलगी शिकलेली होती ना.

गावातले डॉक्टर सकाळी भेटायचे, आणि सकाळी माझं अंग थंड असायचं. ते वाईट नव्हते. त्यांनी काळजीपूर्वक ऐकलं आणि सांगितलं, पंधरा दिवस संध्याकाळचा ताप लिहून आण. मी तीन रकाने आखले. रोज साडेचार, सहा आणि आठ. प्रत्येक वेळी तीन निरीक्षणं. डॉक्टरांनी वही चाळली. "अशी सुंदर वही माझ्या दवाखान्यात आजवर कोणी आणली नाही," ते म्हणाले. मग ती मिटून विचारलं, "परीक्षा कधी आहे?"

टॉनिक दिलं. वही पाहिली त्यांनी. पाठीला नळी लावली नाही. मीही लावा म्हटलं नाही. आम्ही दोघंही त्या वहीवर खूश होतो.

दिवाळीला आत्या आली. मला पाहून आईला म्हणाली, "वय झालं व तिचं. एखादं स्थळ पाहा, आपोआप उतरते ताप."

"ताप नाईच हाय, आत्या," मी म्हटलं. "उतरन काय?"

सगळे हसले. मीही हसले. पण त्या हसण्यानंतर जे सुरू झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते. थर्मामीटर म्हणतो ताप नाही, म्हणजे थरथर खोटी. म्हणजे मी आळशी, मी नाटकी. कोणी मला खोटं ठरवण्याआधी मीच ठरवलं. अंगात शंभराच्या वर ताप घेऊन मी दोन गावांत सभा घेतल्या आणि बायांना सांगितलं, शरीर फसवतं, आकडा फसवत नाही.

काटा

आमच्या आवारात लक्ष्मीपूजनाला काट्याची पूजा होते. हळद-कुंकू वाहून झालं की मापाऱ्यांची पोरं एकेक करून काट्यावर उभी राहतात, आणि वजन खडूने भिंतीवर लिहिलं जातं. मी विशीची झाले तरी बाबा मला नेत. त्या दिवाळीत भिंतीवरच्या माझ्या जुन्या आकड्यापेक्षा तीन किलो कमी भरलं. बाबा आकडा नेहमीसारखा मोठ्याने बोलले नाहीत, त्यांनी तो नुसता लिहिला.

संक्रांतीनंतर एका दुपारी ते मला कॉलेजातून थेट आवारात घेऊन गेले. आधी त्यांनी सरकारी छापाची वजनं काट्यावर ठेवली. वीस किलो. काट्याने वीसच सांगितलं. मग म्हणाले, "चढ."

आणखी चार किलो गेले होते.

हमाल बघत होते. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काटा म्हणते तू सुकून राह्यली. तुही वही म्हणते काही नाई झालं. दोघातलं एक खोटं हाय, पोरी. काटा मी आत्ता पाह्यला."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

फोटो

तरुण डॉक्टरणीने पाठीवर बोटं ठोकली, मडकं किती भरलं हे पाहतात तशी. उजवीकडे पोकळ आवाज, डावीकडे बद्द. एक्स-रे काढून आणला तेव्हा तो अजून ओला होता. बाबांनी तो खिडकीशी धरला. डावी बाजू खालून अर्ध्यापर्यंत पांढरी, कोणी चुन्याने सारवल्यासारखी.

"छातीत पाणी झालंय. बहुतेक टीबीचं," ती म्हणाली. "ताप किती दिवस होता?"

"नव्हताच," मी म्हटलं आणि वही पुढे केली.

तिने वही पाहिली, मग माझा चेहरा पाहिला, आणि माझा हात धरून क्षणभर तसाच ठेवला. "आत्ता आहे," एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं ठरवलं आहे म्हणून सांगते. टीबी हा शब्द ऐकल्यावर पहिल्यांदा भीती वाटली नाही. आनंद झाला. मी नाटकी नव्हते! भीती नंतर आली, भरतीच्या कागदावर बाबांची सही होत असताना. काट्यावरचा आकडा ते एका नजरेत वाचतात. तो कागद त्यांनी सहीआधी दोनदा वाचला.

आई बाहेर ओट्यावर बसली होती. तिने डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलली, "कोणाले टीबी म्हणू नोको. पाणी झालं म्हणजो."

मी भांडले. सगळ्यांना टीबीच सांगणार म्हणाले. ती म्हणाली, "तू पत्रक काढशीन, मले माहीत हाय. पण त्याच्यानंतर मोहल्ल्यात जगा लागते मले." त्या क्षणी मला तिचा राग आला. आज वाटतं, आम्ही दोघी आपापल्या परीने बरोबर होतो, आणि ज्या जगात एका आजाराचं नाव कुजबुजत घ्यावं लागतं ते जग चूक होतं.

वॉर्ड

तीन आठवडे होते. सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग गोळ्यांची मूठ, मग सुई. दोनदा पाठीतून पाणी काढलं. पिवळसर, गव्हाच्या काडासारख्या रंगाचं. ते बाटलीत उतरताना मी भिंतीवरच्या पालीवर नजर लावून बसायचे आणि एकेक श्वास परत मिळाल्यासारखा आत घ्यायचे.

दुसऱ्या सकाळी लघवी लाल झाली. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता आतून फुटले. रडत बाहेर आले तर झाडणारी मावशी कमरेवर हात ठेवून हसली. "अव, गोळ्यांनं होते थे. इथं साऱ्याच बायांची रंगपंचमी हाय!" माझ्यासारख्या किती जणींचे डोळे तिने असे पुसले असतील! वॉर्डात डॉक्टर अनेक होते, धीर देणारी ती एक.

सिस्टर ताप पाहायला यायच्या. तीन पाळ्या, तीन सिस्टर, ट्रेमध्ये निरनिराळ्या बनावटीचे तीन-चार थर्मामीटर. खाटेवरच्या तक्त्यावर एकदा एकशे एक, पाळी बदलताच अर्ध्या तासाने दुसरीचा शंभर पॉइंट चार, मग एकशे एक पॉइंट दोन. रेघ वेड्यावाकड्या टेकड्यांसारखी. मला कीव आली. यांना मोजता येत नाही, मी मनात म्हटलं. पिशवीतून माझा काढला, लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. तीनदा.

"सिस्टर, हे पाहा. ताप नाही."

सिस्टर पुलगावच्या होत्या, बोलायला तिखट. "मंग घरी जा ना बाई. ताप नाई तर खाट काऊन अडवून राह्यली?"

पेला

बाबा स्टुलावर बसून हे ऐकत होते. त्यांनी तक्ता पाहिला, माझी वही पाहिली. पुन्हा तक्ता. मग उठले. "सिस्टरबाई, तुमचे तीन द्या बरं जरा." मावशीकडून पेलाभर कोमट पाणी मागितलं. त्यात सिस्टरांचे तीन आणि माझा एक असे चार उभे केले. खिडकीजवळ नेऊन एकेक वाचला.

शंभर पॉइंट सहा. एकशे एक. शंभर पॉइंट आठ.

माझा, अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ.

"हे तिघं भांडून राह्यले," बाबा म्हणाले, "पण एकाच गल्लीत भांडून राह्यले. तुहा एकटा दुसऱ्याच गावात जाऊन बसला, अन् हलत नाई."

"पण बाबा, मी तीनदा..."

"तीनदा काय, शंभरदा पाह्य. लबाड काटा कधी डगमगते का? मी तीस वर्षं पाहून राह्यलो. हलणारा काटा दिसला की कास्तकार भांडते, दुसरा आणा म्हणते. लबाड काटा दिवसभर एकच बोलते, म्हणून तर माणूस त्याच्यावर भरोसा ठेवते." मग हळू आवाजात विचारलं, "छापाचं वजन कुठं ठेवलं होतं तू?"

ठेवलंच नव्हतं. बारा थर्मामीटर एकमेकांशी जुळले, तेवढ्यावर मी त्यांना खरं मानलं. आमच्या पुस्तकात हे दोन वेगळे गुण म्हणून दिले होते. पुन्हा पुन्हा मोजलं तरी उत्तरं एकमेकांच्या जवळ येणं, हा एक. उत्तर खऱ्या मापाच्या जवळ येणं, हा दुसरा. पहिला असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. उत्तर पाठ होतं, त्याचा अर्थ मी त्या पेल्यात पाहिला. सिस्टरांचा वेडावाकडा तक्ता खऱ्याच्या आसपास फिरत होता. माझी सुंदर वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोन अंश खोटी होती, आणि तिच्या खोटेपणात एकदाही चूक झालेली नव्हती.

आणि आईचा हात? हातही आकडा सांगू शकत नाही, तो एकशे एक आणि एकशे दोन यांत फरक करत नाही. पण ताप आहे की नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याला गप्प बसवायला मी थर्मामीटर वापरला.

एवढं समजेपर्यंत पाणी निवलं होतं. मग उरलेला डबा आठवला. अकरा घरं. अकरा चिठ्ठ्या. प्रत्येकीवर माझी सही.

यादी

मधूला बोलावून यादी दिली. तो आठवडाभर सायकलने आणि एस.टी.ने फिरला. चार थर्मामीटर आणले. पाचव्या घरी गेला होता, पण काही न मागता परत आला. का, ते त्याने सांगितलं नाही. मी घरी आल्यावर, धाप न लागता जिना चढता येऊ लागल्यावर, तेव्हा सांगितलं.

ते घर कुसुमवहिनींचं. बोर धरणाच्या बाजूचं एक गाव. आमच्या सभेत सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी बाई ती. थर्मामीटर झटकायला एका प्रयत्नात शिकली होती. तिची सात वर्षांची मुलगी गुड्डी आईच्या पदराआडून ते बघून खिदळत होती.

दिवाळीच्या आठवड्यात गुड्डी गेली.

होळीच्या सुमारास मी गेले. एकटीने बसमध्ये चढायची ताकद नव्हती, म्हणून आई बरोबर. कुसुमवहिनींनी पाणी दिलं. माझ्या हडकुळ्या हातांकडे पाहून त्यांना वाईट वाटलं. त्यांना! मग माठाच्या तिपाईखालून थर्मामीटर काढला. धुतलेला, कापसात गुंडाळलेला. त्याबरोबर गुड्डीची शाळेची वही. मागच्या पानांवर चार दिवस लिहिलेले, तीन रकान्यांत. ९९.४, ९९.४, ९९.४. पुढच्या दिवशी ९९.२, ९९.२, ९९.२. असेच पुढे. आकडे शाळकरी वळणाचे, एकाखाली एक. पाचव्या दिवसाचा रकाना आखलेला होता, त्यात काही नव्हतं. त्या सकाळी पोरीला झटके आले आणि बैलगाडी जुंपली.

"तुमी सांगतलं तसंच केलं मी, ताई," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणत, अंग गंज तापलं, दवाखान्यात ने. मी म्हटलं, शंभर नाई झाले अजून. ताईनं शंभर सांगतले."

आईने माझं मनगट दाबलं. सांगू नकोस, असं ते दाबणं होतं.

मी सांगितलं नाही. आयुष्यभर पत्रकांतून सत्य ओरडत आलेली मी, त्या ओसरीवर म्हणाले, "हा मी नेऊ का? दुसऱ्या कोणाला लागेल." कुसुमवहिनी म्हणाल्या, "न्या ना. चांगला हाय थो. कोणाच्या कामी येईन."

बसमध्ये आई म्हणाली, "सांगून काय भेटन? पोरगी वापस येते का?" खिडकीबाहेर पळस पेटला होता आणि मला फक्त ते आकडे दिसत होते.

दुसऱ्यांदा

पंधरा दिवस गोळ्या गिळताना मला भास व्हायचा की गुड्डी माझ्या वहीत वाकून पाहते आहे. मी भुताखेतांविरुद्ध पत्रकं लिहिली आहेत, आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. पण ती यायची. काही मागायची नाही. रकाने मोजायची.

मी पुन्हा गेले. दोन थर्मामीटर नेले, एक डब्यातला, एक दवाखान्याने तपासून दिलेला. कुसुमवहिनींना कोमट पाणी मागितलं. दोन्ही पेल्यात ठेवले आणि त्यांनाच वाचायला दिले. त्यांनी वाचले. झटकले. पुन्हा ठेवले, पुन्हा वाचले. मी शिकवलं होतं तसंच.

"म्हणजे शंभर झाले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"कोणत्या दिवशी?"

"पहिल्याच."

सासूबाई आतून भाकरी थापत होत्या, तो आवाज थांबला. मी पुढचंही सांगितलं, कारण तेही खरं होतं: लवकर नेलं असतं तर वाचलीच असती असं डॉक्टरही म्हणू शकत नाहीत. पण ते बोलतानाच मला कळलं की या वाक्याचा आडोसा फक्त मला आहे, त्यांना नाही.

त्यांनी दोन्ही थर्मामीटर काढून खाली ठेवले आणि पेला उचलला. मला वाटलं, आता मारतील. मारावं असंही वाटलं. त्यांनी पाणी अंगणात ओतलं, पेला उपडा ठेवला आणि विचारलं, "बाकीचे कोणाकडं हायत?"

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये आम्ही दोघी फिरलो. मला लवकर दम लागायचा, मग कुठल्यातरी निंबाखाली बसायचो. दारात मी बोलायला लागले की लोक पत्रक ऐकतात तसं ऐकत, मान डोलवत. कुसुमवहिनी बोलल्या की उठून थेट माठाकडे जात. त्या एवढंच म्हणत, "हा खोटा हाय. माह्या घरी पोरगी गेली. द्या."

आणखी तीन मिळाले. मधूचे चार, त्यांचा एक, हे तीन, मिळून आठ. उरलेल्यांपैकी एक घर वीटभट्टीवर गेलं, कोणत्या ते शेजाऱ्यांना ठाऊक नाही. एक थर्मामीटर मुलीच्या रुखवतात मांडून पुलगावकडच्या सासरी पाठवला गेला. नव्या घरात शहाणपणाची वस्तू म्हणून. तिसरा कोणीतरी मागून नेला, त्याच्याकडून आणखी कोणीतरी. माग हिंगणीच्या बाजाराच्या रस्त्यावर तुटला.

माझ्या गोळ्या संपल्या त्याला आता काही वर्षं झाली. फोटो स्वच्छ आहे, वजन परत आलं आहे. ज्यांच्या घरात आत्ता कोणाला टीबी आहे त्यांना सांगते, गोळ्या पूर्ण करा, मनुष्य बरा होतो, आणि लाल रंगाला घाबरू नका. आई आता दारात उभी राहून टीबी म्हणते. कुसुमवहिनींनी मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. त्या भेटल्या की चहा देतात. भिंतीशी पाठ टेकून आम्ही बसतो, आणि एकसारखे तीन आकडे कुठेही दिसले, बसच्या तिकिटावर जरी, तरी मला त्या घरातलं ते पान दिसतं.

आता तुमच्याकडे मागणं आहे. आजच घरातला थर्मामीटर काढा. शेजाऱ्याकडून दुसरा आणा, पण दुसऱ्या दुकानातला, दुसऱ्या बनावटीचा. जमलं तर दवाखान्यातला. दोन्ही झटका, एकाच कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा आणि वाचा. थोडा फरक असेल तर घाबरू नका. एक-दीड अंशाचा फरक असेल तर दोन्ही दवाखान्यात नेऊन कोणता खरा ते विचारा. खोटा निघाला तो फोडू नका, आत पारा असतो. फेकू नका, कोणीतरी उचलून नेईल. दवाखान्यातच ठेवून या. आणि भोवती 'तपासून घेतलेला आहे' अशी चिठ्ठी असेल, तर तपासायचीही गरज नाही. तसाच दवाखान्यात देऊन टाका, आणि देण्याआधी घरातल्या माणसांना एकेक करून विचारा, या वर्षांत इथे कोणाचं अंग तापलं होतं, आणि आपण नाही म्हणालो होतो.